तिघांनी निघू नये

"ही मुलगी तुमच्याबरोबर नाहीये," काउंटरवरची पोरगी मला म्हणाली.

मी खाली पाहिलं. रेवती माझ्या ओढणीचं टोक तोंडात धरून, माझ्या पायाला चिकटून उभी होती. चार वर्षांची. नाक माझं, कपाळ तिच्या बापाचं, आणि केसांच्या दोन बोटभर शेंड्या पहाटे अमरावतीत मीच बांधलेल्या.

"मग कोणाबरोबर आहे?" मी विचारलं.

"सिस्टीममध्ये बी. आर. इंगोले यांच्याबरोबर आहे. ते आलेले नाहीत. ते नाहीत म्हणजे हीसुद्धा जाऊ शकत नाही. तुम्ही आणि हा छोटा जाऊ शकता."

"अहो, मी आई आहे तिची!"

"असाल, मॅडम. पण बुकिंग वेगळं आहे."

असाल, म्हणे! तेरा तास कळा सोसून जिला जन्म दिला, तिच्यासमोर मला ही बावीस वर्षांची, लिपस्टिक लावलेली पोरगी 'असाल' म्हणत होती. या गोष्टीला सोळा वर्षं झाली, पण तो शब्द आठवला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पण सगळा राग तिच्यावर काढून चालणार नाही. त्या प्रकरणाची सुरुवात नागपूरच्या विमानतळावर झाली नव्हती, आमच्या स्वयंपाकघरात झाली होती.

माझ्या नवऱ्याला, प्रफुल्लला, बंगळुरूत नोकरी लागून आठ महिने झाले होते. तेव्हा मी त्याला अहो-जाहो करत असे. आठ महिने तो एका खोलीत तिघाजणांबरोबर राहत होता आणि मी दोन लेकरं घेऊन सासरी, अमरावतीला. शेवटी जूनमध्ये त्याला दोन खोल्यांचं घर मिळालं. मी, रेवती आणि अडीच वर्षांचा मल्हार, अशी आम्हा तिघांची विमानाची तिकिटं काढतो म्हणून त्याचा फोन आला. मी हरखून गेले. सासूबाईंनी मात्र हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"तिघं? तीन तिगाडा, काम बिगाडा. आपल्या घरून तिघं कधी निंगाले नाही."

"आई, मी सुपारी घेते ना बरोबर. चौथी म्हणून."

हा उपाय त्यांचाच. दोन्ही लेकरांना घेऊन मी एसटीने यवतमाळला माहेरी जायची, तेव्हा दर वेळी त्या स्वतः माझ्या पर्समध्ये सुपारी टाकायच्या. सुपारी हा चौथा माणूस, की झालं. पण विमान म्हटल्यावर त्यांनी नवीनच कायदा काढला.

"जमिनीवरच्या गाडीले चालते सुपारी. हे अधांतरी जानं हाये. अधांतरी जिता मानूस पायजे."

जिता माणूस तयारच होता. बाबारावमामा, म्हणजे सिस्टीममधले बी. आर. इंगोले, सासूबाईंचे धाकटे भाऊ. कृषी खात्यातून निवृत्त झालेले, सदा जाकीट घातलेले, आणि जन्मात एकदा तरी विमानात बसायची हौस असलेले. ते लगेच तयार झाले. प्रफुल्ल फोनवर म्हणाला, ठीक आहे, तिघांचं तिकीट काढतो आणि मामांचं वेगळं. तर तेही चालेना.

"कागदावर त तीनच दिसते न!" सासूबाई म्हणाल्या. "दोन-दोन करा."

मग राजकमल चौकातल्या एका एजंटाकडून दोन-दोन झाले. कोण कोणाबरोबर, हे सासूबाईंनीच ठरवलं. "नातू लहान हाये, तो मायजवळ. पोरगी शांत हाये, ते राहीन मामाजवळ." प्रफुल्लने फोनवर मान डोलावली असणार. मी पोळ्या लाटत होते. मी 'बरं' म्हणाले.

विमानतळावर पोचल्यावर कळलं, मामा आणि रेवती तिसऱ्या रांगेत, मी आणि मल्हार एकविसाव्या. मामांनी एजंटाला पुढची खिडकी मागितली होती म्हणे. मी सामान देतानाच सांगितलं, मुलगी चार वर्षांची आहे, तिला माझ्याजवळ बसवा. तिथल्या माणसाने मान वर न करता उत्तर दिलं, "वेगळं बुकिंग, वेगळ्या सीट. विमानात बसल्यावर कुणाला तरी रिक्वेस्ट करा." म्हणजे विस्कटायचं यांनी, आणि पदर पसरायचा मी. पण गर्दी होती, मल्हार कडेवरून उतरायला बघत होता, मी पुढे सरकले.

तपासणीच्या ठिकाणी बायकांची रांग वेगळी. दोन्ही लेकरं माझ्याबरोबर आली. मामा पुरुषांच्या रांगेत गेले. मामांचा आणि रेवतीचा, असे दोन्ही बोर्डिंग पास त्यांच्या जाकिटात होते. 'पोरीचा पास मायाजवळ राहू दे, तू कुठं कुठं सांभाळशीन' असं म्हणून त्यांनी तो स्वतःच घेतला होता. मी पलीकडे जाऊन पाहते तो मामा यंत्रापाशी एका जवानाशी वाद घालत होते. जवानाच्या हातात मामांचा अडकित्ता होता.

"माह्या बापाचा हाये हा. चांदीच्या मुठीचा. मी याने सुपारी फोडतो, मानसं नाही फोडत."

"नहीं जाएगा," जवान म्हणाला. "बाहर किसी को दे दो, या यहीं छोड़ दो."

मामा मला लांबूनच ओरडले, "हेमांगी, गाडीवाल्याले देऊन येतो वं! दोन मिनटात!" आणि चालू पडले. मी हाका मारल्या. पण बापाच्या अडकित्त्यापुढे सुनेची हाक कुठे ऐकू येणार!

आम्हाला अमरावतीहून सोडायला आलेला गाडीवाला तोपर्यंत वर्धा रोडला लागला होता. आणि एकदा बाहेर पडलेल्या माणसाला दारावरचा शिपाई पुन्हा आत घेईना, कारण वेळ संपली होती. हे मला मामांच्या फोनवरून कळलं, तेव्हा गेटवर शेवटची वीसेक माणसं राहिली होती.

"मामा, रेवतीचा पास तुमच्याकडे आहे!"

"हो न. मायाजवळ एकदम सुरक्षित हाये. तू काळजी नको करू."

"अहो, तो पास तरी आत पाठवा!"

"शिपाई घेत नाही म्हनते. तू असं कर, त्या पायलटले सांग, एक बुजुर्ग मानूस येऊन राह्यला म्हना. पाच मिनिट थांबव म्हना."

"मामा, एसटी आहे का ही?"

"एसटी थांबते, त हे काऊन नाही थांबत?"

मी कपाळावर हात मारला आणि काउंटरवर गेले. आणि तिथे मला ते 'असाल' ऐकावं लागलं.

त्या पोरीच्या कोटावर नावाची पाटी होती, वंदिता. मी म्हटलं, "वंदिताताई, नवीन पास छापून द्या. मशीन तुमच्या समोर आहे."

"नाही होणार, मॅडम. इंगोले सर नाहीत म्हणून ते बुकिंगच बंद झालंय. आणि पाच वर्षांखालचं मूल एकटं प्रवास करू शकत नाही. नियम आहे."

"एकटं? ही एकटी आहे?"

"सिस्टीमला एकटी दिसतेय."

"सिस्टीमला दिसतेय! आणि तुमच्या डोळ्यांना काय दिसतंय?"

माझ्या मागे निळा शर्ट घातलेला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवलेला एक माणूस होता. तो म्हणाला, "मॅडम, जरा बाजूला होऊन बोला ना. आम्हाला मीटिंगला जायचंय."

"मीटिंगला लेकरं न्यावी लागत नाहीत, म्हणून घाई सुचते तुम्हाला," मी म्हटलं. तो माझ्याकडे अशा नजरेने बघत पुढे गेला, जणू मीच विमान उशिरा काढलं होतं. दाराशी त्याचा पास एका क्षणात टिक करून वाजला. सगळ्यांचे वाजत होते. कुणाला काही विचारत नव्हते, कोण कोणाबरोबर आहे आणि कोण कोणाची आई आहे.

मी प्रफुल्लला फोन लावला.

"बसलात का विमानात?" तो आनंदाने म्हणाला. मी सगळं सांगितलं. अडकित्ता, पास, सिस्टीम. मला वाटलं होतं, तो म्हणेल त्या बाईला फोन दे. भांडेल तिच्याशी. निदान मामांना तरी दोन शिव्या घालेल.

तो म्हणाला, "हेमा, असं कर. तू मल्हारला घेऊन ये."

"आणि रेवती?"

"मामा बाहेर आहेतच ना. तिला कुणी तरी बाहेर नेऊन मामांकडे देतील. ती जाईल त्यांच्याबरोबर परत, आईकडे. दिवाळीला मी येतो आणि घेऊन येतो."

"अहो, हा जून आहे."

"तीन-चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. आठ महिने राहिलीच ना ती तिथे? आई तिचं सगळं करते. सगळ्यांनीच कशाला अडकून बसायचं?"

तेवढ्यात वंदिता म्हणाली, "मॅडम, गेट दोन मिनिटांत बंद होईल. तुमचे मिस्टर बरोबर सांगतायत." फोनचा आवाज मोठा होता. तिला सगळं ऐकू गेलं होतं. म्हणजे अमरावतीत सासूबाईंनी जे कागदावर केलं, ते बंगळुरूहून नवऱ्याने आणि नागपुरात या कंपनीने एका सुरात कबूल केलं. मुलगा आईबरोबर. मुलगी मामाबरोबर. मामा नाही, तर मुलगी नाही. तिघांपैकी कुणालाही यात काही विचित्र वाटत नव्हतं.

मी फोन बंद केला.

आणि मग मी त्या काचेच्या दारासमोर फरशीवर बसकण मारली. एका मांडीवर मल्हार, दुसऱ्या मांडीवर रेवती.

"मॅडम, हे काय करताय? उठा!"

"नाही उठत."

"मॅडम, मी सिक्युरिटीला बोलवीन."

"बोलवा. त्यांना सांगा, एक आई आपल्या दोन लेकरांना घेऊन बसलीये. तेवढं तरी त्यांच्या सिस्टीमला दिसेल."

मागे राहिलेले पाच-सहा लोक ओरडायला लागले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अरे, पोरीला चढवा की बाबांनो, काय विमान कलंडणार आहे का तिच्याने?" बाकीचे माझ्यावरच ओरडत होते. फोन वाजला. प्रफुल्ल. मी उचलला.

"हेमा, चढलीस का? तमाशा नको करूस तिथे."

"प्रफुल्ल, फोन ठेव," मी म्हणाले. "तू फोन ठेव."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. तोपर्यंत मी त्याचं नाव चारचौघांत कधी घेतलं नव्हतं, आणि 'तू' तर एकांतातही नाही. तो इतका दचकला की त्याने खरंच फोन ठेवला.

मग हातात वॉकीटॉकी घेतलेला एक साहेब धावत आला. काय झालं, काय झालं करत त्याने वंदिताचं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही हिच्या आई आहात याचं काही प्रूफ आहे का?"

मी पर्समधून रेवतीचं लसीकरणाचं कार्ड काढलं. त्यावर आईचं नाव, बापाचं नाव, जन्माची वेळ, वजन, सगळं होतं. शेजारी माझं मतदार ओळखपत्र धरलं. त्याने दोन्ही पाहिलं.

"हे आधी का नाही दाखवलं?"

"आधी कुणी मागितलं?"

त्याने वंदिताला बाजूला सरकवलं आणि स्वतः कीबोर्ड बडवला. एक फोन केला, मग दुसरा. मी घड्याळाकडे बघत होते. जे सिस्टीममध्ये होऊच शकत नव्हतं, नियमात बसतच नव्हतं, ते बरोबर सात मिनिटांत झालं. रेवतीच्या नावाचा नवा पास यंत्रातून बाहेर आला. तो तिच्या हातात देत साहेब म्हणाला, "हॅपी जर्नी, बेटा." मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

विमानात शिरलो तर रेवतीची जागा तिसऱ्या रांगेत मधली, मामांची खिडकी रिकामी, आणि कडेच्या जागेवर तो निळा शर्टवाला. हवाई सुंदरी म्हणाली, "तुम्ही बाळाला घेऊन मागे बसा ना, एकवीसला. ही इथे बसेल. आम्ही लक्ष ठेवू."

माझ्या अंगात तोवर चांगलंच वारं भरलं होतं. मी त्या माणसाला म्हटलं, "भाऊ, एकविसाव्या रांगेत माझ्या दोन जागा आहेत. हवी ती घ्या आणि इथून उठा."

"मी सीट निवडून घेतलीये."

"उत्तम. मग ह्या दोघांना इथे ठेवते, मी एकटी मागे जाते. मुलीला शू आली की सांगेल ती तुम्हाला. हा सांगत नाही. आणि सकाळी त्याने आंबा खाल्लाय, गाडीतही एकदा ओकलाय."

मल्हार अगदी वेळेवर खोकला. तो माणूस लॅपटॉप छातीशी धरून मागे गेला. आम्ही तिघं बसलो. मल्हार खिडकीत, रेवती मधे, मी कडेला. मी तिघांचे पट्टे लावले. मी जिंकले होते.

विमान धावपट्टीकडे निघालं तेव्हा रेवतीने माझी बाही ओढली.

"आई, मी पण आले म्हणून बाबा रागावतील?"

"नाही गं राणी."

"मी राहिले असते आजीकडे. मी रडले नसते."

मी तिला जवळ घेतलं. पट्ट्यामुळे नीट घेताही येईना.

ही गोष्ट मी आजवर पन्नास वेळा सांगितली असेल. हळदीकुंकवाला, भिशीला, लग्नाच्या मांडवात. लोक पोट धरून हसतात. अडकित्त्याला हसतात, अधांतरी जित्या माणसाला हसतात, आंब्याला तर हमखास टाळी पडते. फरशीवर बसकण मारली म्हटलं की बायका म्हणतात, बाई गं, तुझ्याच जिवाचं काम. सासूबाई होत्या तोवर त्यांच्यासमोरही सांगायची मी, मुद्दाम, आणि त्या तोंड फिरवून बसायच्या. प्रफुल्ल अजूनही हा विषय निघाला की उठून आत जातो. त्याला मी कधीच माफ केलं नाही, आणि हे त्याला ठाऊक आहे.

पण सांगताना मी दर वेळी एक जागा गाळते. फोन बंद केला आणि बसकण मारली, यांच्या मधली.

फोन बंद केल्यावर मी मल्हारला कडेवर घेतलं होतं. रेवतीला म्हटलं होतं, "सोनू, तू इथे खुर्चीवर बस हं. ही ताई तुला मामाआजोबांकडे नेईल. आई लवकर येईल घ्यायला." माझ्या तोंडातून आलं ते. कुणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. वंदिताने माझा पास हातात घेतला, यंत्र वाजलं, मल्हारचाही वाजला, आणि मी दाराच्या आत गेले. पाच पावलं. सहा असतील.

आत गेल्यावर मागून रडणं ऐकू येईल म्हणून मी कान ताठ केले होते. तिने टाहो फोडला असता, तर कदाचित मी मनाला समजावलं असतं, की लेकरं रडतातच, थोड्या वेळाने गप्प होतात. आणि गेले असते. पण काहीच ऐकू आलं नाही. म्हणून मी मान वळवली.

रेवती खुर्चीवर बसली होती. पाय जमिनीला पोचत नव्हते, ते तिने एकमेकांवर नीट ठेवले होते. आपली छोटी पिशवी मांडीवर घेतली होती. आणि ती आम्हाला हात हलवून टाटा करत होती. हसून. पाहुणे निघाले की पोरींना करायला शिकवतात ना, अगदी तसा.

चार वर्षांच्या पोरीला हे इतकं चांगलं येत होतं. आणि ते शिकवणाऱ्यांत मीही होते.